प्रत्येक कोंबडी वेगळी

मराठी भाषेने कोंबडीला फारसा मान दिलेला नाही. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ या म्हणीत कोंबड्याला घड्याळाची जागा मिळाली, ती मिळालीच. एरवी कोंबडी म्हटले की अंडी किती आणि मांस किती, एवढाच हिशेब डोळ्यांसमोर येतो. गाईला माया असते, बैलाला धन्याची ओळख असते, कुत्र्याला निष्ठा असते हे आपण सहज मान्य करतो. कोंबडीला स्वभाव असतो असे कोणी म्हणाले, तर मात्र ऐकणारा हसतो.

परंतु ज्या घराच्या परसात पाच-दहा गावठी कोंबड्या वर्षानुवर्षे नांदत आहेत, त्या घरातील बाई हसत नाही. तांबडी धीट आहे, दार उघडे दिसले की थेट चुलीपाशी जाते. कवडी भांडखोर आहे, तिच्या आधी कोणी दाण्याला तोंड लावलेले तिला खपत नाही. काळी कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण अंडे घालण्याची तिची जागा दुसरीने अडवली की दुपारभर घर डोक्यावर घेते. आणि उघड्या मानेची एकदा खुडूक बसली की पाऊस येवो वा आग लागो, अंड्यांवरून उठायची नाही, हे सारे ती सहज सांगेल. या माहितीला आजवर कोणी ज्ञान म्हटले नाही. प्राणिवर्तनाच्या अभ्यासाने मात्र गेल्या शंभर वर्षांत तिला एकेका प्रयोगाने दुजोरा दिला आहे. एवढेच नव्हे, तर परसातील कोंबडीपालन ज्या पायावर उभे आहे, तो पाया कोंबड्या एकेक करून ओळखण्याचाच आहे.

हा पाया लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटींहून अधिक होती. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची वाढ सुमारे ४६ टक्के होती. मोठ्या शेडमधील उद्योग एवढा विस्तारला असतानाही अंगणातील कोंबडी मागे हटलेली नाही.

रानातून अंगणात

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे आग्नेय आशियातील तांबडा रानकोंबडा. तो माणसाजवळ केव्हा आला याविषयी दीर्घकाळ वाद होता. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने थायलंडमधील बान नोन वाट या स्थळी सापडलेल्या हाडांच्या आधारे हा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १६५० ते १२५० असा मांडला. भात आणि भरड धान्याची कोरडवाहू शेती जंगलाच्या कडेला सुरू झाली, सांडलेल्या दाण्यांनी रानकोंबड्यांना खुणावले आणि सहवास जुळला, असा त्या संशोधनाचा निष्कर्ष आहे. म्हणजे कोंबडीला कोणी पकडून आणले नाही. ती दाण्यामागे आपल्या पायांनी आली.

या कहाणीत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. महाबळेश्वर-कोयनेच्या रानात पहाटे ज्याची तुटक बांग ऐकू येते, तो राखी रानकोंबडा ही वेगळी जात होय. अनेक पाळीव कोंबड्यांच्या पायांचा आणि कातडीचा पिवळा रंग ज्या जनुकामुळे येतो, ते जनुक या राखी रानकोंबड्याकडून आले असल्याचे २००८ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी दाखवून दिले.

स्वभावाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की रानकोंबडी मोठ्या थव्यात राहत नाही. एक कोंबडा, काही माद्या आणि पिल्ले असा तिचा आटोपशीर संसार असतो. अशा लहान समूहात कोण वरचढ आहे, कोणापासून सावध राहायचे आणि कोणाच्या मागे जायचे, हे प्रत्येकीला ठाऊक असावे लागते. एकमेकींना ओळखण्याची कुवत ही तिच्या जगण्याची गरज होती. अंगणातील कोंबडीने ती कुवत जशीच्या तशी सोबत आणली आहे.

चोचीचा क्रम

नॉर्वेमधील थोरलाइफ शेल्डेरूप-एब्बे या मुलाला लहानपणापासून कोंबड्यांचे वेड होते. कोण कोणाला टोचते याच्या नोंदी तो वहीत ठेवीत असे. पुढे याच विषयावर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९२२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणत्याही दोन कोंबड्यांमध्ये एक वरची व एक खालची असते, हे नाते एक-दोन झटापटींत ठरते आणि पुढे दोघीही ते लक्षात ठेवतात, असे त्यांना आढळले. हा क्रम नेहमीच सरळ जिन्यासारखा नसतो. पहिली दुसरीवर, दुसरी तिसरीवर आणि तिसरी मात्र पहिलीवर वरचढ, असा त्रिकोणही त्यांनी नोंदवला. समाजशास्त्रापासून कार्यालयीन राजकारणापर्यंत सर्वत्र वापरली जाणारी ही कल्पना मुळात एका मुलाच्या कोंबड्यांच्या वहीतून आली आहे.

कोंबड्या एकमेकींना प्रामुख्याने डोके आणि तुरा यांवरून ओळखतात. तुऱ्याचे रूप बदलले, तर रोजच्या सोबतिणीही तिला परकी समजून टोचू लागतात. हजारोंच्या कळपात असा वैयक्तिक क्रम टिकू शकत नाही. परसातील दहा-पंधरा कोंबड्यांत मात्र तो पक्का असतो. त्यामुळेच बाजारातून आणलेली नवी कोंबडी दिवसाढवळ्या अंगणात सोडली की रक्त निघेपर्यंत मार खाते. जाणत्या घरी तिला आधी काही दिवस डालग्याखाली ठेवतात. जुन्या कोंबड्या तिला पाहतात, पण टोचू शकत नाहीत. नंतर तिला रात्री अंधारात खुराड्यात सरकवून देतात. एकटी कोंबडी आणण्याऐवजी दोन-तीन एकदम आणाव्यात, म्हणजे राग एकीवरच निघत नाही. दाणे एकाच जागी न टाकता दोन-तीन ठिकाणी विखरून टाकावेत, म्हणजे खालच्या क्रमाच्या कोंबडीच्या पोटातही काही जाते. ही व्यवहारातील साधी सूत्रे आहेत. पण आपल्या अंगणातील शेवटची कोंबडी कोण हे ज्याला माहीत नाही, त्याला ती वापरता येत नाहीत.

स्वभाव घडतो कोठे?

स्वभावाचा काही भाग रक्तातून येतो, काही अंड्यात घडतो आणि उरलेला आईच्या पंखाखाली. अंड्यातील पिल्लू शेवटच्या दिवसांत अशा रीतीने वळलेले असते, की त्याचा डावा डोळा शरीराने झाकला जातो आणि उजवा कवचाकडे राहतो. कवचातून झिरपणारा उजेड उजव्या डोळ्यालाच मिळतो. ऑस्ट्रेलियातील संशोधिका लेस्ली रॉजर्स यांनी या उजेडाचा परिणाम दाखवून दिला. अशी पिल्ले दाणा आणि खडा यांतील फरक उजव्या डोळ्याने अधिक चांगला ओळखतात आणि आकाशातील शत्रूवर लक्ष ठेवण्यासाठी डावा डोळा वापरतात. पूर्ण अंधारात उबवलेल्या पिल्लांमध्ये कामाची ही विभागणी नीट होत नाही. घार दिसताच कोंबडी मान तिरपी करून एका डोळ्याने वर पाहते, त्या तिरकेपणात एवढा अर्थ दडलेला आहे.

खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसते. पिल्ले बाहेर येण्याच्या सुमारे एक दिवस आधी कवचाच्या आतून चिवचिव सुरू होते आणि आई वरून त्यांना मंद आवाजात उत्तर देते. जन्मापूर्वीच ओळख झालेली असते. बाहेर आलेले पिल्लू पहिल्या एक-दोन दिवसांत जी हलती वस्तू जवळ दिसेल, तिच्यामागे चालू लागते. डग्लस स्पाल्डिंग यांनी १८७३ मध्येच पिल्लांतील ही वृत्ती नोंदवली होती. पुढे कोन्राड लोरेन्झ यांनी तिचा पद्धतशीर विचार मांडला. पेटीत उबवलेली आणि दिव्याखाली वाढवलेली पिल्ले माणसाच्या पायामागे धावतात, ती यामुळे. माणसाला हा लळा वाटतो. पिल्लाच्या दृष्टीने ती आईची रिकामी जागा भरलेली असते.

आई काय देते, हे इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठातील प्रयोगांतून स्पष्ट झाले. क्रिस्टीन निकोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीला एका रंगाचे दाणे चांगले आणि दुसऱ्या रंगाचे वाईट, असे आधी शिकवले. तिच्या समजुतीप्रमाणे वाईट असलेले दाणे पिल्ले खाताना दिसताच ती अधिक जोराने उकरून व टोचून त्यांना चांगल्या दाण्यांकडे बोलावू लागली. म्हणजे ती शिकवते. त्याच विद्यापीठातील जोअॅन एडगर यांच्या २०११ मधील प्रयोगात, पिल्लांवर हवेचा हलका झोत सोडला असता आईच्या हृदयाचे ठोके वाढल्याचे आढळले; झोत तिच्यावर नव्हता, तरीही. दुसऱ्याच्या त्रासाने कोंबडीची अवस्था बदलते, असे म्हणण्यास त्यामुळे आधार मिळाला. अलीकडे, २०२४ मध्ये, फ्रान्समधील संशोधकांनी आणखी एक गोष्ट मोजली. भीती वा उत्तेजना असताना कोंबडीच्या चेहऱ्याची उघडी कातडी अधिक लाल होते आणि स्वस्थ असताना तो लालपणा ओसरतो. रोज जवळून पाहणाऱ्या माणसाला हे नवे वाटणार नाही.

कोंबड्याची भाषा

कोंबडा म्हणजे बांग आणि भांडण, एवढीच त्याची ओळख नाही. घार दिसल्यावर तो बारीक, लांबट आवाज काढतो आणि कोंबड्या जागीच दबून बसतात किंवा झुडपाखाली शिरतात. मांजर वा मुंगूस दिसल्यास तुटक, खणखणीत आवाज काढतो आणि सगळ्या माना उंचावून उभ्या राहतात. ऑस्ट्रेलियातील ख्रिस एव्हान्स यांच्या प्रयोगांत समोर शत्रू नसताना केवळ ध्वनिमुद्रित आवाज ऐकवला, तरी कोंबड्यांनी योग्य तोच प्रतिसाद दिला. चांगला किडा सापडला की कोंबडा तो चोचीत उचलतो, खाली टाकतो आणि विशिष्ट आवाजाने कोंबड्यांना बोलावतो. कधी कधी खाण्याजोगे काहीही नसताना, कोंबडी दूर असेल तेव्हा, तो हीच हाक देतो. अशा लबाडीचा अनुभव आलेल्या माद्या कोणत्या कोंबड्याच्या हाकेला धावायचे, हे हळूहळू ठरवू लागतात.

बांग देण्यातही क्रम आहे. जपानमधील शास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये दाखवले की कोंबडे एकत्र असतील तेव्हा पहाटेची पहिली बांग सर्वांत वरच्या क्रमाचा कोंबडा देतो आणि खालचे आपापल्या पायरीने मागोमाग आरवतात. पहाट होणार हे प्रत्येकाच्या शरीरातील घड्याळाला कळलेले असते. आधी कोणी बोलायचे, हे मात्र मानमरातबाने ठरते.

माणसाशी जुळणारे नाते

कोंबडी रोज दाणे टाकणाऱ्या माणसाला ओळखते, त्याची चाल आणि हाक ओळखते, आणि ज्याने एकदा पाठलाग करून पकडले त्यालाही विसरत नाही. तिच्याशी सलगी करायची असेल, तर तिच्या भीतीचे मूळ समजून घ्यावे. तिचे मोठे शत्रू वरून येतात. म्हणून डोक्यावरून आलेला हात तिला घारीसारखा वाटतो. जमिनीवर बसावे, हात खालून पुढे करावा, कणी तळहातावर ठेवावी आणि ती येईपर्यंत थांबावे. धीट कोंबडी एक-दोन दिवसांत येईल, भित्री महिनाभर घेईल. काही कधीच येणार नाहीत. त्यांच्यावर जबरदस्ती न करणे हाही नात्याचाच भाग आहे. पकडायचेच असेल तर संध्याकाळी, खुराड्यात अंधार झाल्यावर पकडावे. त्या वेळी ती शांत असते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तलंग अंड्यावर आली, की वरून हात येताच पंख किंचित पसरून अंग जमिनीला टेकते. अनेकांना ती लाडिकपणाची खूण वाटते. प्रत्यक्षात ती कोंबड्यापुढे घेतली जाणारी मिलनाची मुद्रा होय. तिच्यावरून अंडे जवळ आले, एवढेच समजावे. विश्वासाच्या खुणा वेगळ्या असतात. कोंबडी आपल्याकडे पाठ करून दाणे टिपते, आपल्या पायाशी धुळीत अंग घोळते, शेजारी बसून निवांत पिसे साफ करते किंवा डोळे मिटते, तेव्हा तिने आपल्याला शत्रूंच्या यादीतून वगळले आहे असे खुशाल मानावे.

प्रेम करताना आरोग्याचे भान मात्र सुटता कामा नये. पिल्लांना तोंडाशी धरणे, त्यांचे मुके घेणे, कोंबड्या माणसांच्या अंथरुणापर्यंत येऊ देणे धोक्याचे आहे. त्यांच्या विष्ठेतून आतड्याचे जंतू पसरतात. लहान मुलांनी त्यांना हाताळल्यावर साबणाने हात धुणे अनिवार्य समजावे.

ओळख हेच पहिले निदान

कोंबडी आजार लपवते. दुबळी दिसली तर शत्रू आणि सोबतिणी दोघेही तुटून पडतात, हे तिच्या रक्तात आहे. त्यामुळे अनोळखी माणसाला आजार दिसतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. रोज पाहणाऱ्याला मात्र बारीक बदल जाणवतात. नेहमी पहिली बाहेर पडणारी आज शेवटी आली, भांडखोर कवडीने आज दुसरीला दाणा घेऊ दिला, संध्याकाळी गळ्याखालची दाण्यांची पिशवी रिकामी लागली. मानमोडी, म्हणजेच राणीखेत हा रोग गावठी कोंबड्यांचा मोठा शत्रू. तो शिरला की काही दिवसांत खुराडे रिकामे होते आणि त्यावर उपचार नाही; असते ते लसीकरण. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि पुढे साधारण दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बी ही लस पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावी. पहिली कोंबडी सुस्त दिसताच तिला वेगळे करणे, हे तिचा स्वभाव ठाऊक असलेल्यालाच साधते.

या ओळखीची सर्वांत कठोर परीक्षा बर्ड फ्लूच्या वेळी झाली. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे या रोगाचा भारतातील पहिला उद्रेक झाला. मोठ्या पोल्ट्रींबरोबर परिसरातील घराघरांतील कोंबड्याही माराव्या लागल्या. जानेवारी २००८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये तर रोगाचा फटका मुख्यतः परसातील पक्ष्यांनाच बसला. तेथे अनेक कुटुंबांनी आपल्या कोंबड्या लपवल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे पुन्हा हीच वेळ आली. विषाणू शेड आणि अंगण असा भेद करीत नाही आणि माणसाला होऊ शकणारा हा संसर्ग रोखणे भागच असते. याविषयी दुमत असू नये. मेलेल्या वा आजारी पक्ष्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला तत्काळ कळवणे, हे प्रत्येक पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे.

पण कोंबड्या लपवणाऱ्यांना केवळ अडाणी म्हणून मोकळे होणे योग्य नाही. पथकाच्या कागदावर ‘पक्षी : नऊ’ एवढीच नोंद असते. घरातील बाईच्या लेखी त्या नऊ कोंबड्या नऊ वेगळ्या जिवांच्या असतात. एक पिल्ले हमखास जगवणारी, एक मुलीच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अंड्यांतून काढणारी, एक शेजारणीकडून अर्धलीने घेतलेली. भरपाई दरपत्रकाप्रमाणे मिळते; दरपत्रकात ‘पिल्ले जगवणारी’ असा रकाना नसतो. काही महिन्यांनी नवी पिल्ले मिळाली, तरी घार दिसताच त्यांना पंखाखाली घेणारी अनुभवी आई त्यांच्याबरोबर येत नाही. म्हणून पथकाने आधी घरातील बाईशी बोलावे, कारण समजावून सांगावे, भरपाई हातोहात द्यावी. ज्याचे नुकसान मोजले जाते असे वाटते, तो लपवत नाही. आणि लपवले गेले नाही, तर रोगही लवकर आटोक्यात येतो.

नाव ठेवलेली कोंबडी खावी का?

हा प्रश्न शहरी माणूस हमखास विचारतो. गावात त्याचे उत्तर घरागणिक वेगळे असते. गटारीला, राखणीला, जावई आला म्हणून कोंबडा कापला जातो; त्याच घरात अंड्यावरच्या कोंबडीला हात लावला जात नाही, आणि हातावर खाणारी म्हातारी कोंबडी आपल्या मरणाने मरू दिली जाते. ज्याला कापायचे त्याला नाव ठेवायचे नाही, किंवा कापायचे काम शेजाऱ्याकडे सोपवायचे, असेही संकेत दिसतात. यात दुटप्पीपणा आहे असे वाटेल. परंतु मांस खाणाऱ्या माणसाने प्राण्याचा जीव जीव म्हणून ओळखला आहे, याची ती कबुली आहे. पिशवीत बंद होऊन येणाऱ्या मांसाला ही कबुली द्यावी लागत नाही.

काय राखायचे?

गिरीराजा, वनराजा यांसारख्या सुधारित जातींनी परसातील उत्पन्न वाढवले. गावठी कोंबडी वर्षाला साधारण साठ ते ऐंशी अंडी देते. सुधारित कोंबडी त्याहून कितीतरी अधिक. पण अधिक अंड्यांसाठी निवड करताना खुडूक बसण्याची वृत्ती मागे पडते, कारण खुडूक कोंबडी अंडी देणे थांबवते. अशी पिल्ले सुरुवातीचे काही आठवडे दिव्याच्या उबेत वाढवून मग अंगणात सोडावी लागतात आणि घार-मुंगसाचा धडा त्यांना स्वतःच्या जिवावर शिकावा लागतो. म्हणून सुधारित पक्षी आणताना घरातील एक-दोन चांगल्या खुडूक बसणाऱ्या गावठी कोंबड्या विकून टाकू नयेत. सुधारित जातीची अंडी त्यांच्याखाली ठेवता येतात. आई अंड्याची जात विचारत नाही.

बंगल्याच्या आवारात वा शेतघरावर नव्याने कोंबड्या पाळणाऱ्यांनीही आकड्याच्या मोहात पडू नये. सहा-सात पक्ष्यांपासून सुरुवात करावी आणि पहिले काही दिवस सकाळी खुराडे उघडल्यावर दहा मिनिटे नुसते पाहत बसावे. कोण आधी बाहेर येते, कोण कोणाला वाट देते, कोण एकटी राहते, हे कळू लागले की पुढची निम्मी काळजी मिटते. उरलेली निम्मी लस, स्वच्छ पाणी आणि रात्री न विसरता लावलेली खुराड्याची कडी यांनी मिटते.